प्रेमभंगानंतरचे मानसिक दुःख आणि व्यक्तिमत्त्व : लिंबायतच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या संदर्भात

उर्दूच्या वर्गात गझल शिकवताना ‘हिज्र’ आणि ‘फिराक’ हे शब्द समजावून सांगावे लागतात. मराठीच्या वर्गात संतांच्या विराण्या शिकवताना ‘विरह’ हा शब्द. सुरतेशी या विषयाचे नाते जुने आहे. औरंगाबादशी आणि गुजरातशी सारखाच जोडला गेलेला कवी वली याने सुरत शहराच्या स्तुतीपर मसनवी लिहिली आणि गुजरातच्या वियोगाचे दुःखही काव्यात मांडले. काव्यातला हा विरही मात्र सर्वत्र साधारण एकाच साच्यातला असतो. तो जागतो, झुरतो, जगाला विसरतो आणि जितका झुरेल तितके त्याचे प्रेम खरे मानले जाते. वर्गातल्या बाकांवर बसलेली मुले-मुली अशी एका साच्यातली नसतात. संबंध तुटल्यावर एखादी मुलगी महिनाभर जेवत नाही, एखादा मुलगा दुसऱ्याच दिवशी क्रिकेट खेळताना दिसतो, तर एखाद्याला राग इतका येतो की समोरच्याला तो गल्लीत फिरू देत नाही. पहिलीचे प्रेम खरे, दुसऱ्याचे खोटे आणि तिसरा मुळातच वाईट, असा निवाडा आपण सहज करून टाकतो. गेल्या तीस-पस्तीस वर्षांतील मानसशास्त्रीय संशोधनाने हा निवाडा बराचसा चुकीचा ठरवला आहे. दुःख किती होईल, किती दिवस टिकेल आणि कोणत्या रूपाने बाहेर पडेल, हे प्रेमाच्या खोलीइतकेच त्या व्यक्तीच्या स्वभावावर, म्हणजे व्यक्तिमत्त्वावर अवलंबून असते. एकाला उपयोगी पडलेला सल्ला दुसऱ्याला अपायकारक का ठरतो, याचे उत्तरही तेथेच सापडते.

सामुदायिक महाविद्यालयांतील शिक्षकांपुढे हा विषय मांडण्याचे कारण उघड आहे. आपल्याकडे येणारा विद्यार्थी साधारण सतरा ते बावीस वर्षांचा असतो आणि घराबाहेरचा, जबाबदार वयाचा, रोज भेटणारा असा माणूस त्याच्या आयुष्यात बहुधा शिक्षकच असतो.

लिंबायतचे वेगळेपण

लिंबायत हा सुरत महानगरपालिकेच्या दक्षिण-पूर्व विभागातील दाट वस्तीचा भाग. धुळे, नंदुरबार, जळगावकडून आलेली मराठी कुटुंबे, उर्दू बोलणारी मुस्लिम कुटुंबे, उत्तर प्रदेश-बिहारचे, ओडिशाचे आणि तेलुगू कामगार येथे शेजारीशेजारी राहतात. महानगरपालिकेच्या शाळा गुजरातीबरोबर मराठी, उर्दू, हिंदी, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी माध्यमांतून चालतात, ही गोष्ट या शहराच्या घडणीविषयी पुरेसे सांगून जाते. पुरुष लूमवर बारा-बारा तासांच्या पाळ्या करतात. घरात बायका-मुली साडीवर टिकल्या लावणे, धागे कापणे अशी कामे करतात. घर एका-दोन खोल्यांचे. रडायला कोपरा नाही, दार लावून बसायला दार नाही.

अशा वस्तीत प्रेमसंबंध असतो तो लपवलेला आणि तुटतो तोही लपूनच. शिवाय येथे ‘संबंध तुटणे’ याचा अर्थ बहुतेक वेळा दोघांनी ठरवून वेगळे होणे असा नसतो. मुलीचे लग्न खानदेशातल्या नात्यात ठरते. मुलाची आई नकार देते. जात किंवा धर्म आडवा येतो. मंगनी किंवा साखरपुडा होऊन मोडतो. कधी नुसता मोबाईल काढून घेतला जातो आणि तोच शेवट असतो. पाश्चात्य अभ्यासांत संबंध कोणी तोडला, त्याने की तिने, असा प्रश्न विचारतात. आपल्याकडे तो तिसऱ्यानेच तोडलेला असतो. पुढे दिलेले बहुतेक संशोधन अमेरिकेतील आहे आणि त्यातील पुष्कळसे विद्यापीठीय विद्यार्थ्यांवरचे. ते लिंबायतला लावताना हा फरक सतत ध्यानात ठेवावा लागेल.

स्वभावाचा भाग

व्यक्तिमत्त्वाचे वर्णन पाच मुख्य गुणांच्या आधारे करण्याची पद्धत आज सर्वमान्य आहे : बहिर्मुखता, सौजन्य, कर्तव्यदक्षता, नव्या अनुभवांविषयीची मोकळीक आणि भावनिक अस्थिरता. यांपैकी प्रेमभंगाच्या दुःखाशी सर्वांत जवळचा संबंध शेवटच्या गुणाचा आहे. काही माणसांचे मन जन्मतःच थोड्या झळीने पोळणारे असते. चिंता, खिन्नता, अपराधीपणा त्यांना लवकर घेरतात आणि उशिरा सोडतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. उंची किंवा रंगाप्रमाणे हाही काही प्रमाणात आनुवंशिक भाग आहे. सौजन्याचा संबंध थोडा वेगळा आहे. ताशिरो आणि फ्रेझिअर यांच्या २००३ च्या अभ्यासात, संबंध तुटल्यानंतर आपण काही शिकलो, बदललो, असे सांगणाऱ्यांमध्ये हा गुण अधिक दिसला. बाकीच्या गुणांविषयी येथे विस्ताराने लिहिण्याची गरज नाही.

भावबंधाचा सिद्धान्त

या पाच गुणांपेक्षा शिक्षकाला अधिक उपयोगी पडेल असा विचार ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी मांडला. १९६९ ते १९८० या काळात त्यांच्या ग्रंथाचे तीन खंड निघाले. त्यांचे विषय अनुक्रमे जवळीक, ताटातूट आणि कायमचा वियोग असे आहेत. लहान मूल आईला चिकटते ते केवळ दुधासाठी नव्हे, तर तिच्यापाशी सुरक्षित वाटते म्हणून. आई हाक मारताच येते की नाही, यावरून मूल जगाविषयी एक अंदाज बांधते. हाक मारली की कोणी येतेच, असा अंदाज बांधणारे मूल निश्चिंत होते. कधी येते, कधी येत नाही, असा अनुभव आलेले मूल चिकट आणि चिंतातुर होते. कोणी येणारच नाही, असे ठरवलेले मूल हाक मारणेच सोडते. सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर यांनी १९८७ मध्ये हाच विचार प्रौढांच्या प्रेमसंबंधांना लावला आणि हे तीन प्रकार तेथेही दिसतात असे दाखवले.

ही तीन प्रकारची माणसे संबंध तुटल्यावर कशी वागतात? डेव्हिस, शेव्हर आणि व्हर्नन यांनी २००३ मध्ये पाच हजारांहून अधिक लोकांची उत्तरे तपासून याचा शोध घेतला. चिंतातुर भावबंध असलेल्यांमध्ये त्या व्यक्तीचा सतत ध्यास, शारीरिक आणि मानसिक त्रासाची तीव्रता, संबंध पुन्हा जुळवण्याची अतिरेकी धडपड, तसेच राग आणि सूडाची भावना अधिक आढळली. ज्या मुलात रडणे जास्त, त्याच मुलात सूडही जास्त, हे वाचून आश्चर्य वाटेल. पण दोन्हींचे मूळ एकच आहे. आपल्याला सोडून दिले जाईल ही भीती खरी ठरली की तीच भीती कधी विनवणी होते, कधी धमकी. दिवसाला पन्नास फोन करणारा आणि जुने फोटो सर्वांना दाखवीन म्हणणारा, हा पुष्कळदा एकच मुलगा असतो. तसे करणे गुन्हा आहे आणि मुलीच्या दृष्टीने ते सर्वनाशच आहे. मुलाचा स्वभाव समजून घेणे म्हणजे त्याला माफ करणे नव्हे. परंतु विनवणीच्या टप्प्यावर त्याला कोणी भेटले, तर पुढचा टप्पा टळण्याची शक्यता वाढते.

निश्चिंत भावबंध असलेल्यांना दुःख होत नाही असे मुळीच नाही. फरक एवढाच की ते मित्रांकडे, घरच्यांकडे जातात आणि त्यांना आधार मिळतो.

तिसरा प्रकार शिक्षकाला सर्वांत जास्त फसवणारा आहे. दूर राहणारी, स्वावलंबनाचा आग्रह धरणारी माणसे त्या अभ्यासात कमी दुःखी दिसली. पण आपले आपणच निस्तरण्याची आणि विषय टाळण्याची त्यांची प्रवृत्ती मात्र ठळक होती. आपल्या वर्गातला हा मुलगा म्हणजे संबंध तुटल्यावर लूमवर जादा पाळी घेणारा, ‘काही नाही सर, सगळं ठीक आहे’ म्हणणारा. तो खरेच ठीक असू शकतो. नसेलही. लिंबायतमध्ये तर पुरुषाने रडू नये हा संस्कार आणि बारा तासांची पाळी या दोन्ही गोष्टी त्याचे मौन झाकायला तयारच असतात. त्याला कुरेदून बोलते करणे उलटते. त्याच्याशी लूमविषयी, परीक्षेविषयी, कशाविषयीही बोलत राहावे आणि झोप, जेवण, हजेरी, नशापाणी यांवर नजर ठेवावी. तो बोलणार नाही, पण त्याची हजेरी बोलते.

दुःखाचे रवंथ

स्वभावाचा आणखी एक पैलू म्हणजे मनात तेच ते घोळवत राहण्याची सवय. गुरे खाल्लेला चारा पुन्हा तोंडात आणून चघळतात तसे हे रवंथच. सुझन नोलन-होक्सेमा या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्त्रीने यावर जन्मभर काम केले. त्यांच्या एका अभ्यासाला योगायोगाची विलक्षण साथ मिळाली. स्टॅनफर्ड विद्यापीठातील विद्यार्थ्यांची मनःस्थिती आणि उदासीत त्यांची वागण्याची रीत त्यांनी नोंदवून ठेवली होती आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, ऑक्टोबर १९८९ मध्ये, त्या भागात लोमा प्रिएटाचा मोठा भूकंप झाला. त्याच विद्यार्थ्यांची पुन्हा तपासणी केली तेव्हा, आधीपासून रवंथ करण्याची सवय असलेले विद्यार्थी काही आठवड्यांनंतरही अधिक खिन्न आढळले. भूकंप तोच होता. मनाची रीत वेगवेगळी होती. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या पुराने निम्म्याहून अधिक सुरत पाण्याखाली गेली, ते दिवस आठवणाऱ्या सुरतकरांना हे निराळे समजावून सांगायला नको.

प्रेमभंगात रवंथाला खाद्य भरपूर मिळते. तो शेवटचा मेसेज, त्या दिवशी तिने असे का म्हटले, मी तेव्हा गप्प बसलो नसतो तर. आजच्या काळात मोबाईलमध्ये जुन्या गप्पा साठून राहतात आणि समोरच्याचे ‘स्टेटस’ रात्री दोनला पाहता येते. पूर्वीच्या विरह्याला पत्रे जाळता येत होती.

येथेच सल्ल्याचा प्रश्न येतो. ‘मनातले सारे कागदावर लिहून काढ’ हा सल्ला साहित्याचे शिक्षक आवडीने देतात आणि त्याला आधारही आहे. जेम्स पेनीबेकर यांनी १९८६ पासून दाखवले की क्लेशदायक अनुभवाविषयी मोकळेपणाने लिहिल्याने पुष्कळांना बरे वाटते. लेपोर आणि ग्रीनबर्ग यांना २००२ मध्ये प्रेमसंबंध तुटलेल्या विद्यार्थ्यांतही त्याचा उपयोग आढळला. मात्र डेव्हिड स्बारा आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये नुकत्याच विभक्त झालेल्या पती-पत्नींवर केलेल्या अभ्यासाचा निकाल वेगळा लागला. ज्यांना रवंथाची सवय होती, त्यांना भावना उकरून लिहिण्याने अपाय झाला. दिवसभरात काय केले एवढेच साधेपणाने लिहिणाऱ्या गटात तशीच माणसे अधिक सुधारली. म्हणजे एकच वही, एकच पेन. एकाला औषध, दुसऱ्याला जखम खाजवण्याचे साधन. आधीच रात्रंदिवस तेच बोलणाऱ्या मुलीला ‘लिहून काढ’ म्हणण्याऐवजी आज किती वाजता उठलीस, काय खाल्लेस, कोणत्या मैत्रिणीकडे गेलीस, हे लिहायला सांगणे बरे. गप्प मुलाला मात्र वही उपयोगी पडू शकते.

‘माझ्यातच काही तरी कमी आहे’

लॉरेन हाऊ आणि कॅरोल ड्वेक यांचा २०१६ चा अभ्यास शिक्षकांनी मुद्दाम लक्षात ठेवावा, कारण येथे शिक्षकाच्या हाती काही आहे. माणसाचा स्वभाव दगडावरची रेघ आहे असे मानणारे आणि तो बदलू शकतो असे मानणारे, अशा दोन प्रकारच्या लोकांची त्यांनी तुलना केली. पहिल्या प्रकारच्या लोकांना नकार म्हणजे आपल्याविषयीचे एक लपलेले सत्य उघड झाले असे वाटते. मी प्रेम करण्यालायक नाही, माझ्यात खोट आहे, हे आता सिद्ध झाले. म्हणून जुना नकार वर्षानुवर्षे त्यांच्या पाठीशी राहतो आणि पुढच्या नात्यावरही त्याची सावली पडते.

आपल्याकडे या समजुतीला सगळा समाज हातभार लावतो. सगाई मोडलेल्या मुलीविषयी ‘काही तरी असेल म्हणूनच मोडली’ असे म्हटले जाते. मुलाला ‘कमाई नाही म्हणून गेली’ असे ऐकवले जाते, आणि लूमच्या मजुरीवर जगणाऱ्या घरात हे वाक्य फार खोल रुतते. अशा वेळी वास्तव कारण उघडपणे सांगणे हीच मदत ठरते : हे लग्न तुझ्या स्वभावामुळे मोडले नाही, दोन घरांचे पटले नाही, जातीचा प्रश्न होता, भाड्याच्या खोलीचा प्रश्न होता. कारण बाहेर आहे हे कळले की मन स्वतःला कुरतडणे थोडे थांबवते. आणि चूक खरेच त्याच्या वागण्यात असेल, म्हणजे संशय घेणे, रागावणे, हात उचलणे, तर ते वागणे बदलता येते, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगावे.

ज्या दुःखाला नाव नाही

अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये ‘समाजमान्यता नसलेले दुःख’ अशी कल्पना मांडली. मृत्यू झाला तर लोक भेटायला येतात, चूल बंद राहते, शेजारून जेवण येते. चोरून केलेले प्रेम तुटले तर सकाळी नेहमीसारखे पाणी भरावे लागते आणि चेहरा हसरा ठेवावा लागतो. निश्चिंत स्वभावाची मुलगी एरवी आईच्या कुशीत शिरून सावरली असती. पण नेमके आईलाच सांगता येत नाही. म्हणजे ज्या आधारामुळे हा स्वभाव बळकट असतो, तोच लिंबायतसारख्या वस्तीत तिच्यासाठी बंद होतो. अमेरिकेतील निष्कर्ष येथे जसेच्या तसे लागू होणार नाहीत असे म्हणण्याचे मुख्य कारण हेच.

शिक्षकाची खरी परीक्षाही येथेच आहे. मुलगी वर्गात रडताना दिसली आणि हितचिंतक म्हणून शिक्षकाने घरी फोन केला, तर दुसऱ्या दिवसापासून तिचे महाविद्यालय बंद होण्याची आणि महिन्याभरात लग्न उरकले जाण्याची शक्यता पुष्कळ असते. प्रेम गेले, शिक्षणही गेले. म्हणून सज्ञान विद्यार्थ्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट शिक्षकाने आपल्यापाशीच ठेवावी. स्टाफरूममध्ये तर मुळीच नेऊ नये. याला अपवाद आहेत. जिवाला धोका दिसत असेल तर गुप्तता संपते. विद्यार्थी अठरा वर्षांखालील असेल आणि लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली, तर २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे.

धोक्याची गोष्ट अतिशयोक्ती म्हणून सोडून देण्यासारखी नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली आणि त्यांपैकी सुमारे साडेचार टक्क्यांचे कारण ‘प्रेमसंबंध’ असे नोंदवले आहे. पोलिसांच्या कागदावर घरचे लोक जे कारण सांगतात तेच येते, ही मर्यादा ध्यानात घेता खरा आकडा याहून मोठा असण्याचा संभव आहे. ‘मी नसलेलाच बरा’ असे बोलणे, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, बराच काळ बेचैन असलेला मुलगा एकाएकी शांत होणे, ही चिन्हे दिसली तर ‘तुझ्या मनात जीव देण्याचा विचार येतो का?’ असे सरळ विचारावे. विचारल्याने विचार डोक्यात शिरतो ही भीती निराधार आहे. अशा वेळी विद्यार्थ्याला एकटे सोडू नये. लिंबायतच्या शेजारीच उमरवाडा भागात महानगरपालिकेचे स्मीमेर रुग्णालय आहे. तेथील मानसोपचार विभागात त्याच्याबरोबर जाणे हे ‘जा, दाखवून ये’ म्हणण्यापेक्षा कितीतरी परिणामकारक असते. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य, अहोरात्र आणि अनेक भारतीय भाषांतून उपलब्ध आहे. आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दल गुन्हा दाखल होईल या भीतीने कुटुंबे पूर्वी रुग्णालय टाळत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरून तिला शिक्षेपासून संरक्षण दिले आहे.

काळाचा हिशोब

बहुसंख्य विद्यार्थी रुग्णालयापर्यंत न जाताच सावरतात. ईस्टविक, फिंकेल आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये नोंदवलेला एक निष्कर्ष दिलासा देणारा आहे : संबंध तुटला तर आपल्याला किती दुःख होईल याचा विद्यार्थ्यांनी आधी केलेला अंदाज प्रत्यक्ष दुःखापेक्षा मोठा निघाला आणि जे अधिक प्रेमात होते त्यांचा अंदाज अधिक चुकला. ‘मी जगूच शकणार नाही’ असे म्हणणारा विद्यार्थी खोटे बोलत नसतो. त्याला स्वतःच्या सावरण्याच्या शक्तीची मोजदाद नसते, इतकेच. मात्र हे वाक्य त्याला पहिल्या आठवड्यात ऐकवू नये. ‘सगळे विसरशील’ हे शब्द तेव्हा त्याला आपल्या प्रेमाचा अपमान वाटतात.

हे सावरणे सरळ रेषेत होत नाही. लिंबायतमध्ये तर त्याला एक ठरलेला अडथळा असतो. दोघेही त्याच वस्तीतले, कधी एकाच गल्लीतले. परीक्षा संपतात आणि एप्रिल-मे महिन्यांत लग्नाचे मांडव पडू लागतात. जो मुलगा जानेवारीत सावरला, वर्गात हसू-बोलू लागला, त्याला एका संध्याकाळी तिच्या दारासमोरचा मांडव आणि रोषणाई दिसते. हळदीची गाणी त्याच्या खोलीत ऐकू येतात आणि कान झाकायला दुसरी खोली नसते. चिंतातुर आणि रवंथ करणाऱ्या स्वभावाच्या मुलांसाठी दुःखाची ही दुसरी लाट पहिलीइतकीच मोठी असू शकते, आणि तेव्हा महाविद्यालयाला सुटी असते. लग्नाची तारीख विद्यार्थ्याला महिनाभर आधी ठाऊक असते. ती त्याला विचारून घ्यावी, त्या दोन-तीन दिवसांसाठी त्याला धुळ्याच्या मामाकडे किंवा नंदुरबारच्या आत्याकडे जाता येईल का ते पाहावे, आणि ते शक्य नसेल तर त्या संध्याकाळी कोणत्या मित्राने त्याच्याबरोबर राहायचे हे सुटी लागण्यापूर्वीच ठरवून ठेवावे.